साहेबांच्या बंगल्यातली खरखर

"पट्ट्याचं बक्कलसुद्धा नाही चालणार?" ढब्बू ओरडला.

"नाही म्हणजे नाही! लोखंड घेऊन खड्ड्याजवळ फिरकायचं नाही!" मुंगीनं धाकट्या भावाला दटावलं खरं, पण तीही वैतागलीच होती. सुट्टी म्हणे! मोबाइल बंद, सायकल बंद, आणि आता ढब्बूनं एका हातानं चड्डी सावरत फिरायचं!

आत्याच्या मापनकेंद्रामागच्या खड्ड्यात तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं पुरलेलं होतं. भूकंपाआधी जमिनीतून विद्युतचुंबकीय लहरी येतात का, हे आत्या त्यावरून शोधत होती.

"येतात का गं?" मुंगीनं आल्या आल्याच विचारलं होतं.

"कुणालाच खात्रीनं ठाऊक नाही. म्हणून तर मी इथे ठाण मांडून बसलेय," आत्या म्हणाली होती.

आणि थंडी पडल्यापासून, त्या वेटोळ्याला जोडलेल्या केंद्रातल्या पडद्यावरची सरळ रेघ रोज सकाळी थयथयाट करायला लागली होती! ती नाचली की आत्याचे डोळे चमकायचे. मग ती स्वतःलाच रागवायची, "उगाच हुरळून जाऊ नकोस, बाई!"

त्या सकाळी केंद्राचे साहेब तरातरा आत आले. ते शेजारच्याच बंगल्यात राहायचे.

"कचरा आहे हा सगळा, कचरा!" ते पडद्याकडे बघून कडाडले. "गल्लीतलं घर न् घर मी स्वतः तपासलंय. पंप, मिक्सर, गिरणी, कुठेही दोष नाही. उरली कोण? ही तुमची भाचरं!"

"आम्ही? आम्ही तर शिंकतोसुद्धा विचारून!" ढब्बू फणकारला.

"पण काका, हे तर आम्ही यायच्या आधीपासून चाललंय," मुंगी म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही! उद्या दोघं घरी जातील. त्यानंतरही रेघ सुधारली नाही, तर केंद्र बंद करा असं मी वर कळवतो!"

आत्या खिडकीतून खड्ड्याकडे बघायला लागली. तिची सगळी मेहनत त्या खड्ड्यात होती. मुंगीला इतका राग आला, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

केंद्रातच राहणाऱ्या आत्याच्या स्वयंपाकघरात ढब्बू सेलवरच्या जुन्या रेडिओला थापट्या मारत होता. "हाही मेला खरखरतोय! या घरात एक वस्तू धड असेल तर शपथ!"

"थांब, मारू नकोस!" मुंगीनं दारातून पडदा बघितला. "अरे, आत रेघ नाचते तेव्हाच हा खरखरतोय! चल, खरखर कुठे वाढते ते शोधू!"

गिरणीत गेले, तर रेडिओ गप्प. वर गिरणीवाल्यानं पिठाच्या हातांनीच हाकललं. वेल्डिंगवाल्याकडे गेले. "काम नाही का तुम्हाला?" तो खेकसला. तिथेही रेडिओ मुका! पायांचे तुकडे पडले, हाती मात्र काही लागलं नाही.

"जाऊ दे. उद्या घरी जाऊन निदान पट्टा तरी घालीन," ढब्बू कुरकुरला.

तोच परतीच्या वाटेवर रेडिओ खर्रर्र करून ओरडला! समोर साहेबांचं कुंपण होतं.

"हा बंगला कुणी तपासला?" मुंगीनं विचारलं.

"कोण तपासणार? तपासणारे तेच!"

त्यांनी बेल वाजवून साहेबांना सगळं सांगितलं. "माझ्या घरात दोष? काहीतरीच काय!" साहेबांनी धाडकन दार लावलं.

ढब्बूनं पायरीवर लाथ मारली आणि स्वतःच कळवळला. मुंगी मात्र खिडकीतून आत बघत होती. आत माशांची मोठी काचेची टाकी होती. तिनं रेडिओ चालूच ठेवून, आवाज बारीक करून पिशवीत टाकला आणि पुन्हा बेल वाजवली.

"काका, चुकलं आमचं. उद्या जाणारच आहोत, तर जाण्याआधी तुमचे मासे बघू?"

साहेब विरघळलेच! "या की! तो शेपटीवाला बघा, कसा ऐटीत फिरतो!"

माशांमागे पाणी गरम ठेवणारी एक काचेची कांडी होती. तिचा लाल दिवा लुकलुकला आणि पिशवी खरखरली. पुन्हा लुकलुकला, पुन्हा खरखर!

"हा आवाज कसला?"

"थंडीत ही कांडी सारखी चालू होते ना, काका?"

"होते. जुनी झालीये, जरा तडतडते..." साहेब बोलता बोलता थांबले.

"आत्या! रेघ बघ!" मुंगी खिडकीतून ओरडली. "काका, प्लग काढता?"

साहेबांनी मुकाट्यानं काढला.

"सरळ झाली!" पलीकडून आत्याचा आवाज आला.

लावला.

"नाचली!"

साहेबांनी प्लग पुन्हा ओढून काढला. "अख्खी गल्ली पालथी घातली मी, आणि माझ्याच घरात... शाब्बास रे पोरांनो! चुकलो मी. केंद्र चालू राहील. कांडी आजच बदलतो. आणि सुट्टी संपेपर्यंत तुम्ही कुठेही जायचं नाही!"

"हुर्रे!" ढब्बूनं दोन्ही हात वर केले, आणि घाईघाईनं एक हात खाली आणला.

मुंगी पळतच आत्याकडे गेली. आत्या सरळ रेघेकडे बघत बसली होती. मुंगीचा आनंद तिथेच मावळला.

"तुला वाटलं होतं ना, ते जमिनीतूनच येतंय?"

"फार वाटलं होतं गं."

"मग आम्ही तर सगळं घालवलंच तुझं!" मुंगी रडवेली झाली.

"वेडाबाई! इतके दिवस ही रेघ हलली की मला नुसत्या शंका यायच्या. आता हलली, तर मला खरंच दचकता येईल. तुम्ही माझं काम वाचवलंत!" आत्यानं तिला जवळ ओढून शेजारी बसवलं. "बस इथे. हलली तर आधी रेडिओ ऐकायचा, तो खरखरत नसेल तर मला हाक मारायची."

रेघ सरळच राहिली. जेवायची हाक आली तरी मुंगी उठली नाही.