सेकंदाचा कोटीवा भाग

बोईसरच्या स्टँडवर तारापूरची एसटी लागली. आत एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर एक लाकडी खोकं ऐटीत बसलं होतं.

"याचं तिकीट काढलंय का?" हंसाने विचारलं.

शेजारच्या तरुणाने खोकं घाईघाईने मांडीवर घेतलं. "माफ करा... आत घड्याळासारखं यंत्र आहे. सेकंदाचा कोटीवा भाग मोजणारं."

"मग बस उशिरा आली तेव्हा कोटी वेळा चिडला असाल!"

तो कानापर्यंत लाल झाला. हा नगरकडचा दिनानाथ. तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं; तो तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि त्याच प्रयोगशाळेत नवापूरची हंसा, कोळीवाड्यातली पहिली बी.एस्सी., त्या दिवशी रुजू होणार होती.

"काही अणूंची केंद्रकं जन्मतात तीच अस्वस्थ," प्रयोगशाळेत दिनानाथ तिला समजावी. "जन्मताना एक किरण, आणि शांत होताना दुसरा, अगदी दुबळा. मधला वेळ मोजायचा. एकाचा सांगता येत नाही. हजारोंचा मोजला की कळतं, निम्मी किती वेळात शांत होतात. ते अर्धायुष्य."

"आणि माणसांची अस्वस्थता?"

"तुम्ही समोर असलात की... शांत होतच नाही."

हंसाने वर्षभर मोजमापं घेतली, आणि आलेखावरचे बिंदू अखेर एका रेषेत उतरले. ती रेषा हंसाने ओढली.

पुढच्याच रविवारी दिनानाथ मागणी घालायला नवापूरला आला. हंसाची आई लाडकीबाय बोंबील वाळत घालत होती. "काम काय करता?"

"अर्धायुष्य मोजतो."

तिचा हात थांबला. हंसाचा बाप तरणाताठा समुद्रात बुडाला होता. "अर्धं आयुष्य? माज्या वाट्याला आलं ते पुरे! पोरीला तसला नवरा नको."

हंसा पुढे झाली.

"आये, आयुष्य यांचं नाय. अणूच्या चुळबुळीचं. ती निम्मी व्हायला सेकंदाचा कोटीवा भाग लागतो."

"कोणी मोजलं?"

"मी!" हंसाची मान ताठ झाली. "आणि लग्न करीन तर... यांच्याशीच."

लाडकीबाय पदर खोचून अंगणाच्या कडेला गेली आणि शेजारणीला हाक मारली.

"इंदुबाय, ऐकलंस का गो? माजी हंसा सेकंदाचे कोटी तुकडे करून मोजते!"

"आन तो पोरगा कोण?" पलीकडून इंदुबायने विचारलं.

लाडकीबायने दिनानाथला नखशिखान्त न्याहाळलं.

"हा होय? तिच्या हाताखाली हाय... माजा जावय!"