साडेछत्तीस अंश

शहर एकच असलं तरी ऊन सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. तळ्याकाठच्या बागेत चौतीस अंश असतात, तेव्हा बाजारात त्रेचाळीस भरतात. मोजणीदार अठरा वर्षं हेच मोजत होता. नियम साधा होता. ठरलेल्या जागी जायचं, तापमापक सावलीत छातीच्या उंचीवर धरायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि आकडा लिहायचा. चाळिसाच्या वर गेलेली गल्ली यादीत येई. यादीत आली की छपरांना पांढरा रंग मिळे, गार हवेची एक खोली उघडे आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज कोणीतरी चक्कर टाके.

गेल्या वर्षी पत्र्याच्या गल्लीत तो गेलाच नव्हता. गुडघा ठणकत होता, गाडीत गारवा होता आणि मोजणीची जागा तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली राहणाऱ्या एका शिवणकामवालीच्या खिडकीत होती. गल्लीच्या एका बाजूला बाग, तिचे चौतीस. दुसऱ्या बाजूला झाडांचा रस्ता, त्याचे एकोणचाळीस. त्याने बेरीज केली, निम्मी केली आणि साडेछत्तीस लिहून टाकले. एखाददुसऱ्या जागी असं सगळेच करतात.

गल्ली यादीत आली नाही. पुढच्याच आठवड्यात शिवणकामवाली मशीनवर मान टाकलेली सापडली, तीही तीन दिवसांनी.

त्याने हे घरी सांगितलं नाही, कचेरीत तर नाहीच. पण चोराच्या मनात चांदणं. वर्षभर कोणी नुसतं उन्हाबद्दल बोललं तरी तो विषय बदलून टाके. यंदा तो आपणहून म्हणाला, "पत्र्याची गल्ली मी करतो."

ड्रायव्हर हसला. "साहेब, गुडघ्याला विचारलंत का?"

दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत डांबर चपलेला चिकटत होतं. त्याने गल्लीच्या तोंडाशीच तापमापक धरला. साडेछत्तीस. झटकून पुन्हा धरला. साडेछत्तीस. पेटीतला दुसरा काढला, तरी तेच. तो मागे हमरस्त्यावर गेला, तिथे दोन्हींनी त्रेचाळीस दाखवले. गल्लीत पाऊल ठेवलं आणि पारा त्याच्या डोळ्यांदेखत उतरून त्याच रेघेवर येऊन थांबला. घाम मात्र त्याच्या कोपरांवरून टपटप गळत होता.

तो वर चढला. खोलीत आता शिवणकामवालीची धाकटी बहीण राहत होती.

"मोजणीवाले ना तुम्ही?" ती म्हणाली. "ताई दरवर्षी तुमच्यासाठी खिडकीशी खुर्ची काढून ठेवायची. गेल्या वर्षीही ठेवली होती. बसा."

तो त्याच खुर्चीवर बसला. दहा मिनिटं, घड्याळ लावून. वीज गेली तर असावी म्हणून कपाटावर ठेवलेली मेणबत्ती उष्म्याने वाकून पार आडवी झाली होती.

"किती?"

"साडेछत्तीस."

तिने पदराने मान पुसली. मेणबत्तीकडे पाहिलं.

"मग ताई कशाने गेली हो?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी आलो नव्हतो, एवढंच. ते ओठांपर्यंत आलं. मग त्याला नोकरी दिसली, घर दिसलं, मुलीची शाळा दिसली.

"यंदा तरी आम्हाला यादीत घ्या," ती म्हणाली. "अंगाला कळतंय तेवढं लिहा."

"तसं लिहिता येत नाही, बाई. यंत्र दाखवतं तेच लिहावं लागतं."

अठरा वर्षांत त्याने नियम इतका चोख कधी पाळला नव्हता, आणि त्याला स्वतःची इतकी लाजही कधी वाटली नव्हती. त्याने साडेछत्तीस लिहिले आणि जिना उतरला.

संध्याकाळी घरी पोचला तर बायको दारातच उभी होती. "शाळेतून आल्यापासून पडून आहे. हात लावून बघा."

त्याने मुलीच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. तापलेल्या पत्र्याला लागावा तसा चटका होता.

"चार वेळा थर्मामीटर लावला," बायको म्हणाली. "मला काही कळेनासं झालंय." तिने डॉक्टरांना लावलेला फोन त्याच्या हातात दिला.

"किती आहे ताप?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, तुम्ही या. अंग भाजतंय तिचं."

"हो, पण थर्मामीटर किती दाखवतोय?"

त्याने काच दिव्यासमोर धरली.

मुलीचे ओठ सुकून फुटले होते.

"साडेछत्तीस."

"मग ताप नाहीच की!" डॉक्टर हसले. "अहो, तुम्ही तर मोजणारी माणसं. यंत्रावर विश्वास ठेवा. उद्या बघू."

फोन बंद झाला. मुलीच्या उशाशी ठेवलेली, न पेटवलेली मेणबत्ती हळूहळू वाकत होती.