टर्बोचा पाइप आणि चार सोमवार

प्रेमाचा पाया विश्वास असतो, असं जगातली सगळी थोर माणसं सांगून गेली. त्यांतल्या एकाकडेही अठरा वर्षांची डिझेल गाडी नव्हती.

राजनंदिनीकडे होती. ती रहिमतपूरची, जनावरांची डॉक्टर. दर सोमवारी लसी आणायला सांगलीला जायची. एका सोमवारी गाडीची ओढ गेली. ॲक्सिलेटर तळाला, मागे काळा धूर, आणि शेजारून सायकलवाले एक आजोबा शांतपणे पुढे निघून गेले. कशीबशी ती हळदीच्या पेठेमागच्या एका गॅरेजात शिरली... आणि तिथे ऋषिराज भेटला.

त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि एक बारीक काळा पाइप तिच्यापुढे धरला.

"डॉक्टर, ह्याच्या तोंडावर बोट ठेवा."

"कशाला?"

"ओढ लागती का बघा. ह्या ओढीवर टर्बो चालतो, आन् टर्बोवर गाडी पळती."

पाइपानं तिचं बोट हलकेच धरून ठेवलं.

"लागते," ती म्हणाली. जरा हळूच.

"मग पंप चांगला हाय. ओढ पुढं कुठंतरी निसटती."

तिनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि फुसफुस ऐकत ऐकत जागा शोधली. डाव्या वळणावर पाइप अर्धाच बसलेला. खात्री करायला त्यानं स्टेथोस्कोपचा एक कान मागितला. एक नळी, दोन डोकी... मध्ये अंतर फार उरत नाही. हवेत हळद होती, डिझेल होतं, आणि — असो. पाइप बसला.

पुढच्या सोमवारी पुन्हा तोच पाइप. त्याच्या पुढच्याही. मंगळवार ते शनिवार म्हसवडकडच्या मेंढरांमागे खड्ड्यांतून धावणारी गाडी सोमवारी मान टाकायची. राजनंदिनीला शंका आली: हा माणूस पाइप मुद्दाम सैल ठेवतो. पुरावे भक्कम होते. तो हसायचा फार. चहा स्वतः आणायचा. शिवाय गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून कोण देतं?

फक्त तो लबाड निघायला नको होता. सोमवारच्या ड्रेसला ती आता रविवारीच इस्त्री करत होती, आणि लबाड माणसासाठी इस्त्री करणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"माझ्या गाडीला वार कळतो का हो?" तिसऱ्या सोमवारी तिनं विचारलं.

"जुनी गाडी हाय. सवयी लागत्यात."

"गाडीला... की गॅरेजवाल्याला?"

"आवं, मी रोजच हितं असतो. सोमवारी तुमीच येताय."

उत्तर सरळ होतं. नजर नव्हती.

निघताना तिनं पाइप आणि त्याची तोटी यांवर मिळून नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. पाइप हलला की रेघ तुटणार. शनिवारपर्यंत ती शाबूत होती. रविवारी दुपारी तुटली.

गाडीपाशी तिचे आबा उभे होते. निवृत्त सुभेदार लालासाहेब, फौजेत आयुष्यभर गाड्या सांभाळलेले.

"मेंटेनन्स परेड," ते म्हणाले. "दर रविवारी समदे पाइप काढायचे, फुकायचे, लावायचे. आन् म्हसवडची धूळ जाऊ ने म्हणून हवेच्या तोंडाला फडकं बांधायचं. जुन्या हिरव्या बनियनचं. डबल घडी."

"आबा, मग इंजिन श्वास कुठून घेणार?"

"फौजेत असं इचारत न्हाईत, नंदे."

चौथ्या सोमवारी ती माफी मागायला गेली. ऋषिराजनं सगळं ऐकलं, आत गेला आणि धुऊन घडी केलेली तीन हिरवी फडकी घेऊन आला.

"तुमी चा प्यायचा, तवा काढायचो."

ती फडक्यांकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"गाठ फौजी होती. घरात कोणतरी रविवारचं मोकळं हाय, एवढं कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

तो हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"सांगितलं असतं... तर पुढच्या सोमवारी आला असता?"

तिचा संशय खरा होता. गुन्हा तेवढा वेगळा निघाला.

"लबाडच आहात."

"व्हय. पण पाइप मी सैल केला न्हाई. एकदा पण."

"चौथं फडकं आत्ता गाडीतच आहे," ती बॉनेटकडे बघत म्हणाली. "पाइपही अर्धाच आहे. काल दिसलं होतं मला. तशीच रडतखडत आणली गाडी."

"का?"

"नीट करून आले असते, तर थांबले कशाला असते?"

पेठेत कुणीतरी हळदीची पोती उतरवत होतं, तेवढाच आवाज.

"रविवारी परेडला या," ती म्हणाली. "आबांना सांगा."

"पाइपाचं?"

"ते शेवटी. आधी दुसरं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सांगतो. सावधान हुबा ऱ्हाऊन सांगतो. न्हाई म्हणाले तर दर रविवारी येऊन सांगतो. फकस्त, डॉक्टर..."

"काय?"

"तेवढा डावा पाय उचला. धा नंबरचा पाना तुमच्या चपलेखाली हाय."