तालिमखान्याचा पत्ता

"दादा, इथं तालिमखाना कुठंय?"

हसनाबादच्या स्टॉपवर उतरल्या उतरल्या मी विचारलं. पंक्चर गाडी ढकलत निघालेल्या त्या मुलानं माझ्याकडं जरा नवलानंच पाहिलं. "चला," म्हणाला. दहा मिनिटं तो पुढं, मी मागं. आणि थांबला कुठं, तर… कुस्तीच्या तालमीसमोर. आत चार पैलवान लंगोट लावून बसलेले. मी गर्रकन पाठ फिरवली.

"मला झाड हवंय हो… काटेरी, पाणथळ जागेतलं." मी रडकुंडीला आले होते. मागच्या महिन्यात कॉलेजच्या वनस्पतीसंग्रहासाठी मी चुकून काटेकोरांटी नेली, तर बाईंनी सगळ्या वर्गासमोर परत केली. उद्या झाड नेऊन दाखवायची शेवटची तारीख. पुन्हा चुकले, तर वर्ष वाया.

"पेऱ्यापेऱ्याला काटे? जांभळी फुलं?" त्याला हसू आवरेना. "आवो, मंग कोळसुंदा म्हणा की. तळ्याच्या कडंला लई हाये."

त्याचं नाव आदिनाथ. घरची मोसंबीची बाग बघायचा.

तळ्यावर मी एका पेऱ्याचे काटे मोजले. एक… दोन… पुस्तकात लिहिलेत तसे बरोबर सहा. बी जिभेवर ठेवलं, तर बुळबुळीत झालं. तेच! त्या आनंदात काटा माझ्याच अंगठ्यात घुसला.

"हलू नका." तो वाकला. काटा लगेच निघाला. हात मात्र त्यानं जरा उशिरानं सोडला. मीही ओढून घेतला नाही.

"झाड तर भेटलं," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "मंग तुमी आता कशाला येता इकडं…"

मी झाड पिशवीत भरलं. परतीच्या बसमध्ये मात्र त्याच्या त्या प्रश्नाशिवाय दुसरं काही सुचेना.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा उतरले. कळवलं नव्हतं, तरी तो स्टॉपवरच होता. गाडीही पंक्चर नव्हती.

मी कागद पुढं केला. त्यावर वाळवून चिकटवलेला तालिमखाना, कोपऱ्यात बाईंची सही. खाली झाडाचं नाव, गाव, तारीख. आणि 'गोळा करणारे' याच्यासमोर — अर्पिता, आदिनाथ.

तो वाचतच राहिला. "आमच्याकडं अशी दोन नावं… लग्नाच्या पत्रिकेत असतेत."

"मंग?"

त्याचा 'मंग' माझ्या तोंडी कधी आला, कुणास ठाऊक.

त्यानं कागद जपून माझ्या हाती दिला, गाडीला किक मारली.

"बाईंनी पास केलंय ना? बसा मागं. आता मायला दाखवू."