नववा उंदीर

"आठ उंदीर गेले," प्रयोगाचे प्रमुख असलेले सर फोनवर म्हणाले. "मेले नाहीत, गेले! मामांनीच सोडून दिलेत. तुम्ही या आणि तशा अहवालावर सही करा."

संस्थेतल्या प्राण्यांची जबाबदारी अकरा वर्षं पशुवैद्यबाईंकडे होती. न बघता सही करायची त्यांना सवय नव्हती.

प्राणिगृहात चार पिंजरे होते, प्रत्येकात चार उंदीर. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. इथे इंजेक्शन देऊन उंदरांना मुद्दाम तसाच आजार दिला जाई. आधी शेपटी लुळी पडे, मग मागचे पाय. सरांचं नवं औषध त्यातून वाचवतं का, एवढाच प्रश्न होता. उत्तर 'हो' आलं, तर पुढच्या महिन्यात चाळीस रुग्णांना ते औषध मिळणार होतं.

सोळांतले आठ उरले होते. सात जण मागचं अंग फरफटत होते. आठवा मात्र जाळीला लोंबकळून मजेत कसरत करत होता.

प्राणिगृहाचे रखवालदार मामा उकिडवे बसून भिजवलेलं खाणं पिंजऱ्याच्या तळाशी ठेवत होते. लुळ्या उंदरांचं तोंड वरच्या खाण्यापर्यंत पोचत नाही.

"मामा, किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि ताईंकडे."

"तुम्ही सोडलेत?"

"यांच्याकडे बघून जीव तुटतो माझा, खोटं कशाला बोलू? पण नाही सोडले. बावीस वर्षं झाली बाई, एक उंदीर इकडचा तिकडे झाला नाही."

"सोडा हो!" दारातून सर म्हणाले. "लुळे बाहेर जगणार नाहीत, म्हणून धडधाकट तेवढे सोडलेत. आज अकरा वाजता बाहेरचे तपासनीस येतायत. त्यांना काय माझं डोकं दाखवू?"

"ते काय तपासणार होते?"

"औषध घेतलेल्या उंदरांचं रक्त. आणि गेले तेही नेमके तेच आठ!"

मामांची मान खाली गेली. बाईंनी कसरतपटूच्या कानावरचा नंबर टिपून घेतला. मग उंदरांची रोजची वजनं लिहायची मामांची वही काखेत मारली आणि त्या ताईंच्या खोलीत गेल्या.

उंदरांना रोज तपासणारी ही संशोधक रडून रडून लाल झाली होती.

"औषध कुणाला मिळतंय, तुला माहीत होतं?"

"नाही. प्रत्येक उंदराच्या नंबराची एक, अशा सोळा बाटल्या सर भरून द्यायचे. आठांत औषध, आठांत नुसतं मिठाचं पाणी. यादी त्यांच्या कपाटात, बंद पाकिटात."

"उंदीर बघून ओळखता आलं असतं?"

"मी औषधावरचे नऊ धरले होते. नऊ जण ठणठणीत होते ना!"

"म्हणजे नववा पाण्यावरचा होता?"

"असणार. आजार टोचूनही एखाद्याला होत नाही."

"औषध कधी सुरू केलं?"

"सातव्या दिवशी."

"आणि आजाराचं इंजेक्शन कोण देतं?"

"सर. ते काम ते कुणालाच करू देत नाहीत. हात बसलेला लागतो म्हणतात."

बाईंनी वही उघडली. मामांचं अक्षर मुंगीसारखं, पण एकही दिवस चुकलेला नव्हता. त्यांनी पहिली चार पानं दोनदा वाचली, वही मिटली आणि सरांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"उंदीर कुठे आहेत, सर?"

"मामांना विचारा."

"मामांनी धडधाकट सोडले असते, तर नऊ गेले असते. ताईंनी चोरले असते, तरी नऊच. नववा धडधाकट असूनही चोराने मागे ठेवला, कारण तो पाण्यावरचा आहे हे चोराला ठाऊक होतं. यादी तुमच्या कपाटात आहे."

"पाकीट कुणीही उघडेल."

"उघडेल. पण आजाराचं इंजेक्शन तुमच्याशिवाय कुणी देत नाही." बाईंनी वही पुढे सरकवली. "ते टोचलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उंदराचं वजन उतरतं. मागे उरलेल्या आठांचं उतरलं. त्या कसरत करणाऱ्याचंसुद्धा. गेलेल्या आठांचं मात्र गुंजभरही उतरलं नाही. औषध सातव्या दिवशी सुरू झालं आणि फरक मात्र आजार टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पडला. कसा?"

सरांनी वही मिटली.

"त्या आठांना तुम्ही आजार दिलाच नव्हता. जे आजारीच पडले नाहीत, त्यांना औषधाने काय वाचवलं? एकदा आजार टोचला की त्याची खूण रक्तात राहते. आज रक्त तपासलं असतं, तर ती सापडली नसती. म्हणून उंदीर नाहीसे केलेत, आणि ते मामांच्या बावीस वर्षांच्या नोकरीवर ढकललंत."

"पहिल्या वेळी औषध चाललं होतं," सर म्हणाले. "देवाशपथ. दुसऱ्या वेळी नाही चाललं. तिसऱ्यांदा फसलं असतं, तर औषध कायमचं गुंडाळलं असतं. चाळिसांत पहिलं नाव हिचं आहे, बाई."

त्यांच्या बायकोला पाच वर्षांपासून हाच आजार होता. बाई त्यांना वहिनी म्हणत.

"आणि उंदीर?"

"काल संध्याकाळी मारले. भट्टीत टाकले."

अकराला बाईंनी तपासनीसांच्या हातात वही ठेवली. दुपारपर्यंत रुग्णांची यादी रद्द झाली. मामांची माफी कुणीच मागितली नाही. त्यांना फक्त कामावर जायला सांगितलं. प्रयोगच खोटा ठरल्यामुळे उरलेल्या आठांना नियमाप्रमाणे कायमचं झोपवणारी सुई द्यावी लागली. मामांनी एकेकाला हातात धरलं. कसरत करणाऱ्याची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "हा तर बरा आहे ना?" बाईंनी सुई भरली.

संध्याकाळी त्या वहिनींकडे गेल्या. हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. वहिनी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"माझ्यासाठी केलं म्हणाले?"

"हो."

"आधीच्या गोळ्या मी आठ महिन्यांपूर्वी सोडल्या," वहिनी म्हणाल्या. "नव्या औषधाच्या यादीत यायचं, तर जुनं बंद करावं लागतं, असं ह्यांनीच सांगितलं. डॉक्टर नको म्हणत होते. मी ह्यांचं ऐकलं."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर नीट ठेवला.

"तेव्हा हा चालत होता."