वहिनींनी पसंत केलेली मुलगी

तो सलूनवाला इतका उंच आणि इतका काटकुळा, की बाजू करून उभा राहिला तर हजेरी घेणाऱ्या बाईंना दिसेचना.

"अहो शिडी, समोर तोंड करा, नाहीतर गैरहजेरी लागेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा वर्ग खो-खो हसला. ओरडणारी एक पार्लरवाली होती. जीभ अशी, की भुवया कोरायला तिला दोराच लागू नये! चहाच्या सुट्टीपर्यंत तिचंही नाव पडलं... चिमटी.

वर्ग मात्र हसण्याचा नव्हता. शहरातल्या सलूनवाल्यांना आणि पार्लरवाल्यांना तिथे शिकवत होते, की घरात मार खाणारी बाई खुर्चीत बसली तर ओळखायची कशी, आणि तिला हात द्यायचा कसा. केसांखालचं टेंगूळ, पावडरीखालचा वळ. पुरुषांची दाढी करणाऱ्यांना सांगितलं, मारणाराही तुमच्याच खुर्चीत बसतो, त्याच्या मानेवरचे ओरखडे बघा. आणि बाईंनी एक गोष्ट बजावून बजावून सांगितली. अशा बाईने सांगितलेलं तिच्या घरच्या कुणालाही सांगायचं नाही. चांगल्या माणसालासुद्धा नाही.

सरावाला जोड्या लागल्या. शिडीच्या वाट्याला चिमटी.

"घरी... सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"चौकशी करताय, की स्थळ घेऊन आलाय?"

"आणलं तर?"

ती खिदळली. पण उत्तर द्यायचं राहूनच गेलं... वर्ग सुटला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. त्याने आपली छत्री तिच्यावर धरली, आणि इतकी उंच धरली, की तिच्यावर पडायचा एकही थेंब चुकला नाही. ओलीचिंब होऊन ती घरी पोचली, आणि वाटभर हसत होती.

मग शिडीला दुसरा रस्ताच आवडेना. सकाळ-संध्याकाळ तिच्या पार्लरवरून चकरा. पण आत पुरुषाला मज्जाव. म्हणून त्याने थोरल्या भावाच्या बायकोला पाठवलं.

"भाऊजींनी धाडलंय," वहिनी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "केस कापायचं निमित्त. खरं काम तुला बघायचं."

"मग? पास की नापास?"

"पास गं! फक्त संसारात एक स्टूल लागेल."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसताच ती त्यांचे केस धुवायला लागली... आणि तिची बोटं थबकली. कानामागे नाण्याएवढी जागा उघडी पडलेली. केस उपटलेले. शेजारी टेंगूळ. वहिनींनी मान चोरली.

चिमटीने दाराला कडी घातली. नळ बंद केला. सरावात ज्या प्रश्नावर ती खिदळली होती, तोच आता तिने विचारला. वहिनींनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"भाऊजींना सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "ते ह्यांच्या अंगावर धावून जातील. आणि मग दार लावल्यावर खोलीत ह्यांच्या तावडीत मीच असते."

चिमटीने वर्गात मिळालेला मदतकेंद्राचा नंबर दिला. वहिनी कधी वाफेच्या, कधी केसांच्या निमित्ताने येत राहिल्या, आणि शेवटी घर सोडायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं. एका दुपारी नवरा पार्लरच्या पुढच्या दारात मोटारसायकलवर बसून वाट बघत होता, तेव्हा वहिनी ओल्या केसांनी मागच्या दाराने निघाल्या. केंद्रातल्या ताई गाडी घेऊन उभ्या होत्या. निघताना त्यांनी चिमटीचा हात घट्ट दाबला.

"माझी जाऊ झाली असतीस गं..."

दुसऱ्या दिवशी शिडी आला. सगळे मज्जाव विसरून, थेट आत. डोळे सुजलेले.

"वहिनी कुठे आहेत?"

ती बेसिन घासत राहिली.

"निदान सुखरूप आहेत, एवढं तरी सांग."

शब्द अगदी ओठांवर आला होता. त्या एका शब्दाने त्याचा चेहरा केवढा निवळला असता! माणूस चांगला होता... पण तो त्याच घरचा होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आवाज फाटला.

त्याचे खांदे सैल झाले. घरच्या कुणालाही सांगायचं नाही, हे शिकायला तोही त्याच वर्गात बसला होता.

"बरं," तो म्हणाला. "तू काही सांगितलं नाहीस. मी काही विचारलं नाही." मग म्हणाला, "दादाची दाढी मीच करतो. मानेवर ओरखडे होते. म्हणाला, मांजराने ओरबाडलं... आमच्या घरात मांजर नाही गं. आणि मी फेस लावत राहिलो."

तिने ओल्या हातानेच त्याची बाही धरली.

"दादाचा या दारावर डोळा आहे," तो म्हणाला. "मी येत राहिलो, तर माझ्या मागोमाग तोही येत राहील. कधीतरी वहिनी तुला फोन करतील... आणि तो इथेच असेल."

"आपण लांब राहायला जाऊ."

"भाऊ आहे तो. आपल्या घरी यायला त्याला कोण अडवणार? त्याच्यासमोर रोज हेच खोटं बोलशील?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं, हे दोघांनी आत्ताच पाहिलं होतं.

"तू मला फार आवडतेस, चिमटे."

"मलाही... तू."

"एवढं एक खरं सांगितलंस. पुरे."

त्याने बाही हलकेच सोडवून घेतली आणि दारात वाकून बाहेर पडला. पलीकडच्या टपरीशी थोरला भाऊ उभा असेल, तर तिची नजर कुणाच्या मागे जाते ते त्याला दिसेल... म्हणून ती दारापर्यंतसुद्धा गेली नाही. रस्त्याकडे पाठ करून, कोरडं ठणठणीत बेसिन पुसत राहिली.