काट्यावरचा उजेड

काम तसं किरकोळ होतं. दादाच्या जुन्या गाडीच्या मीटरचे दिवे मंद झाले होते, ते दुरुस्त करून आणायचे, एवढंच.

दादा आजारपणात गेला. तेव्हापासून गाडी वहिनीच चालवते. शहराबाहेरच्या इस्पितळात ती नर्स आहे आणि रात्रपाळीला जायला दुसरं वाहन मिळत नाही.

"भाऊजी, अंधार पडला की काटाच दिसत नाही हो," ती म्हणाली. "परवा वळणावर वेग किती होता ते कळलंच नाही. कठड्याला घासून गेले."

हसत हसतच सांगितलं तिने. पण दरवाजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा होता.

गॅरेजमधला वायरिंगवाला बडबड्या होता. मीटरमध्ये डोकावून म्हणाला, "साहेब, हे दिवे आहेत की काजवे?" त्याने स्टिअरिंगमागचा मीटरचा अख्खा डबा बाहेर ओढला. आतले चिमुकले दिवे काजळून गेले होते. ते सगळे बदलले, गंजलेली टोकं घासली. उजेड कमी-जास्त करायचं छोटं चाक असतं, तेही काढून टाकलं आणि वायर थेट जोडली.

"आता मंद व्हायचं म्हटलं तरी होणार नाहीत!"

बाहेर टळटळीत ऊन होतं. एवढ्या उजेडात मीटरचे दिवे लागलेत की नाही तेही कळत नाही, म्हणून त्याची एक पद्धत होती. गाडीच्या काचांवरून जाड ताडपत्री टाकायची आणि गिऱ्हाइकाला आत बसवायचं.

"तुम्ही स्टिअरिंगवर बसा. मी बॉनेटपाशी करंट बघतो. आतून ओरडून सांगा."

ताडपत्री खाली आली आणि दुपार नाहीशी झाली. आत रबराचा आणि तापलेल्या सीटचा वास कोंडला होता. मी दिवे लावले. तिन्ही तबकड्या लख्ख उजळल्या. त्या हिरवट उजेडात मला माझे हात दिसले, गिअरची मूठ दिसली, शेजारच्या सीटची कड दिसली. तिथे दादा बसायचा. वहिनी गाडी चालवत असली की हा पुढे वाकून वाकून काटा बघायचा. "तुम्ही आपले बाहेर बघा ना," ती वैतागायची. ते आठवून मला जरासं हसू आलं.

तेवढ्यात त्या सीटच्या बाजूची तबकडी मंद व्हायला लागली.

"कसं काय?" बाहेरून आवाज आला.

"कमी... कमी होतंय."

"छे हो! करंट फुल्ल आहे."

दिवा मंद होत नव्हताच. निरखून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, तो तसाच जळत होता. त्याच्या आणि माझ्या मध्ये काहीतरी येत होतं. धुरकट काचेसारखं, हळूहळू पुढे सरकणारं... शेजारची गादी करकरली. दादाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या खोलीला यायचा तो वास आला. स्पिरिटचा आणि घामेजल्या उशीचा.

मधली तबकडीही झाकली गेली. वेगाची.

"दादा..." मी कुजबुजलो. "दादा, मागे हो. तिला दिसत नाही रे..."

ते जराही हललं नाही.

वायरिंगवाल्याने ताडपत्री ओढली आणि ऊन भसकन आत आलं. सीट रिकामी होती. "अहो, केवढे भिजलात घामाने!" तो म्हणाला. "गाडीला काही झालेलं नाही, साहेब. तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा."

घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होतो. त्याला तिची काळजी आहे, म्हणून तो काटा बघतो. आणि तो बघतो म्हणून तिला काटा दिसत नाही. हे मी सांगू कुणाला? तिला सांगता येत नव्हतं. त्याला सांगून पाहिलं होतं.

दिवेलागणीला वहिनी पर्स घेऊन निघाली.

"आज गाडी नको नेऊस."

"का? दुरुस्त झाली ना?"

"मग मी येतो सोबत. शेजारी बसतो. सकाळी तुझ्याबरोबरच परत येईन."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "या. पण घोरायचं नाही हं."

जागा अडवून बसायचं. माझ्याजवळ दुसरा काही उपाय नव्हता.

शहराचे दिवे मागे पडले. रस्त्यावर आमच्याच हेडलाइटचा झोत होता. तबकड्या स्वच्छ दिसत होत्या आणि मी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. मग माझ्या बाजूची तबकडी मंदावली. मी पाठ सीटला घट्ट टेकून बसलो होतो. माझ्यापुढे काहीच नव्हतं. बाहेरचा झोत तसाच प्रखर होता, पण आत उजेडावर काहीतरी ओणवं होत होतं.

"वहिनी, हळू घे. थांबव गाडी... थांबव."

"थांबवायचं नसतं, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "हळू केलं की दिवे अगदीच जातात. मला आता सवय झालीय. वेग वाढवला की आपोआप नीट दिसायला लागतं. बघा हं."

तिने पाय दाबला.

आणि खरंच, एकेक तबकडी मोकळी होत गेली. जणू कुणी समाधानाने मागे रेलत होतं. काटा लख्ख दिसू लागला. तो चढत होता. मी दाराची मूठ धरून बसलो. स्टिअरिंग तिच्या हातात होतं, आणि त्या हिरवट उजेडात तिचा चेहरा अगदी निवांत होता. दादा काळजीपोटी काटा बघतो, असं मी जे मनाशी जुळवलं होतं, त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीला कुलूप लावताना वहिनी सहज म्हणाली, "रोज थोडा जास्त वेग लागतो पण."